आतली बाजू ताठ

आईने तीसेक वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकले. दिवसभर बुटक्या पाटावर बसून तिचे पाय इतके बाहेर वाकले की दोन ढोपरांमधून कोंबडी आरामात पलीकडे जाईल, असं तीच सांगायची. दुखणं मात्र सांगायची नाही. ते मला कळलं, ती भिंत धरून न्हाणीकडे जाताना दिसली तेव्हा.

दोन हजार सातची ही गोष्ट. मी कुडाळच्या शाळेत शिकवत होते. मेच्या सुट्टीत तिला घेऊन तळेऱ्यावरून घाट चढले आणि कोल्हापूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं. हाड कुठे किती कापायचं, ते कॉम्प्युटर अचूक दाखवतो. पण गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लिगामेंटचे पट्टे असतात. वाकड्या पायात आतला आखडतो, बाहेरचा सैलावतो. दोन्हींचा ताण सारखा केला नाही, तर नवा गुडघा डुगडुगतो. तो ताण सारखा करणं हे हाताचं काम.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पाटावर बसता येईल का. डॉक्टर म्हणाले, यापुढे खुर्ची. तिने इतक्या गुणी मुलीसारखी मान हलवली की मलाच धास्ती वाटली.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केले. झोपेचं औषध तिने नको म्हटलं, तरी थोडं दिलं, आणि त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. पुढचं मला डॉक्टरांनीही सांगितलं आणि तिनेही, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचं जुळलं. मध्ये हिरवा पडदा. डॉक्टर पाय हलवून मदतनिसाला म्हणाले, आतून अजून ताठ आहे, थोडं सोडवू. पडद्यापलीकडून आवाज आला, “सोडवा, पण बेतान हां.”

सगळे थांबले. डॉक्टर म्हणाले, “मावशी, तुम्ही झोपा.”

झोपायला ती घाट चढून आली नव्हती, असं तिने त्यांना कळवलं आणि कॉम्प्युटरवर काय आकडा दिसतोय ते विचारलं. डॉक्टरांनी हसत सांगितलं, दोन बाजूंत दोन मिलिमीटरचा फरक आहे.

“मगे आजून वायच सोडवा.”

ते तसंही सोडवणारच होते. फरक गेला. पण मालवणभर झालं ते असं, की डॉक्टर अडले होते आणि आईने वाट दाखवली.

दोन-तीन महिन्यांनी ती बाजारात परतली. खाली पाटांवर बाकीच्या बायका आणि मध्ये खुर्चीवर ही, शाळातपासनीसासारखी. बायका ढोपरं घेऊन येऊ लागल्या. ही त्यांचा पाय उलट्या क्रेटवर ठेवायची, दोन्ही अंगठ्यांनी चाचपायची आणि निकाल द्यायची.

दुसऱ्या गुडघ्यासाठी आम्ही परत कोल्हापूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तिचा पाय बघायच्या आधी विचारलं, “मावशी, मालवणहून बायका येतात आणि एक्स-रे काढायच्या आधीच मला सांगतात, आतली बाजू ताठ आसा. कोण सांगतं त्यांना?”

मी पंख्याकडे बघितलं. आई म्हणाली, “माका काय म्हायत?”

डॉक्टर म्हणाले, तिघींचं बरोबर निघालं. चौथीचा गुडघा मात्र चांगला होता, तिचं दुखणं कमरेतून येत होतं.

आईचा चेहरा उतरला. मग तिने अगदी हळू विचारलं, की ते ओळखायचं कसं. डॉक्टरांनी रागवायला हवं होतं. त्यांनी बाहेरच्या रांगेकडे एकदा बघितलं आणि पाच मिनिटं तिला समजावलं, शेवटी हेही सांगितलं की बायकांना पाठवा, पण निकाल देऊ नका. तेव्हापासून ती ढोपराला हात लावायच्या आधी कमरेचं विचारायची, आणि निकाल कानात द्यायची.

दुसऱ्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञाने कसर ठेवली नाही. आई ढाराढूर झोपली. जाग आल्यावर दोन दिवस डॉक्टरांशी बोलली नाही. मला म्हणाली, “माका एका शब्दान इचारूक नाय गो.”

तो गुडघा पहिल्यापेक्षा जास्त वाकतो, हे तिने कधी कबूल केलं नाही. जिना चढताना मात्र आधी तोच पाय टाकायची.