खळ्यावरची माती

गहिनीनाथभाऊंबरोबर गाडीतून जाणं ही एक शिक्षाच असायची. केडगाव ते राहुरी एवढ्या वाटेत ते एकदाही पाठ टेकून बसायचे नाहीत. दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला दाबून, पुढे वाकून रस्त्याकडे बघत राहायचे आणि मधूनच म्हणायचे, "हितं खालून पानी मुरतंय." वर डांबर अगदी गुळगुळीत असायचं. सहा महिन्यांनी तिथेच खड्डा पडायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "भाऊ, तुम्ही रस्त्याबाहेरचं काही बघता का हो कधी?" तर म्हणाले, "बगतो की. शेतातली माती."

केडगावात आमची माती तपासायची खासगी प्रयोगशाळा आहे. मालक शरच्चंद्र सर. रस्त्याच्या जाडीचं गणित करणारी इंजिनिअर मी, लीना. आणि माती खणून आणणारे, भिजवणारे, मशीनखाली दाबणारे गहिनीनाथभाऊ. ते देवळाली प्रवरेचे. शिक्षण दहावी, नोकरी एकतीस वर्षं. या माणसाच्या पायाला भिंगरी होती. टेबलाशी बसून डबा खाताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. चपातीची गुंडाळी हातात धरून ते माती भिजवायच्या हौदाभोवती फिरायचे.

काम तसं समजायला सोपं आहे. डांबरी रस्ता किती जाड करायचा, हे दोन गोष्टींवर ठरतं. वरून किती ओझं जाणार आणि खालची जमीन किती तग धरणार. आमच्या भागात ओझं म्हणजे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ते मोजता येतात. जमिनीसाठी रस्त्याकडेला खड्डा घ्यायचा, तिथली माती आणून लोखंडी साच्यात ठोकून भरायची आणि साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा. मग मशीनचा दट्ट्या तिच्यात घुसवून किती जोर लागतो ते बघायचं. त्यातून एक आकडा येतो. आकडा मोठा असला तर जमीन दमदार, वर पातळ रस्ता चालतो. लहान असला तर खडी-मुरमाचे थर वाढवावे लागतात. राहुरीकडच्या काळ्या मातीचा आकडा दोन येतो, तीन येतो. चार आला तर नशीब.

गेल्या वर्षी राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीचा दीड किलोमीटरचा रस्ता आमच्याकडे आला. रस्ता लहान, म्हणून सरांनी एकाच खड्ड्यावर भागवायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. कारभारी नावाच्या शेतकऱ्याने भाऊंना उसाला हात लावू दिला नाही, पण माणूस भला. चहा पाजला आणि स्वतःच कडेची मोकळी जागा दाखवली. "हितं खना की निवांत," म्हणाला. भाऊंनी खणलं.

आकडा आला सात. भाऊंच्या वहीत समोर लिहिलं होतं, "काळी माती. बारीक खडे. पहार लागली." तिन्ही गोष्टी मी वाचल्या. वाचून शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. सात धरून जाडी आली सव्वाचारशे मिलिमीटर. सरांना पातळ रस्ता आवडला, बांधकाम खात्यालाही आवडणार होता, आणि मला तर माझं गणित नेहमीच आवडतं. काळ्या मातीचा आकडा सात कसा, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आला होता. मी त्याला बाहेरच बसवून ठेवलं आणि रिपोर्ट पाठवून दिला.

भाऊ त्या वस्तीवर आपली पहार विसरले होते. ती आणायला रविवारी गेले, तर ओट्यावर कारभारीची आई, बनुबाई, बसलेली. ती म्हणाली, "बाबा, एवढी पहार कशापायी लागली तुला? आमच्या रानात कुदळ पन लोन्यावानी जाती."

"खड्डा कठीन लागला, मावशी."

"कठीन लागंल न्हाई तर काय. मळनीचं खळं हुतं तिथं आमचं. दर साली मुरूम टाकायचा, पानी मारायचं, बैलं फिरवायची. सासऱ्यापासनं तेच. आता मशीन येतं रानात, खळं मोडलं."

सोमवारी सकाळी भाऊंनी दारातच हे सगळं मला सांगितलं. त्यांच्या खांद्यावर मातीचं नवं पोतं होतं. कारभारीच्या हातापाया पडून उसाच्या सरीतून काढलेली माती. मला राग आला, आणि तो त्यांचाच आला. "रिपोर्ट गेलाय, भाऊ. येत्या सोमवारी निविदा निघेल. आता हे कशाला उकरलंत?"

"साचा त्या रस्त्याचा न्हाई भरला मी. खळ्याचा भरला," ते म्हणाले. "ट्रॉल्या काय खळ्यावरनं जानार हायेत का?"

त्यांनी माती ठोकून भरली, साचा हौदात सोडला, आणि चार दिवस सुरू झाले. चार दिवस म्हणजे चारच दिवस, त्यात कोणाचं काही चालत नाही. साच्यावर एक काटा लावलेला असतो, माती फुगली की तो सरकतो. भाऊ तासातासाला येऊन तो बघायचे आणि मला न सांगता जायचे. मी विचारायची नाही, पण ते गेले की उठून स्वतः बघून यायची. काटा सरकतच होता. गणितावर सही माझी होती, आणि दट्ट्या खाली गेला की ती सही खोटी ठरणार हे मला मंगळवारीच कळलं होतं. शुक्रवार उजाडूच नये असं वाटायचं आणि लवकर उजाडावा असंही.

शुक्रवारी आकडा आला तीन. जाडी आली सहाशे दहा मिलिमीटर. भाऊंनी माझ्या टेबलावर पंजा ताणून ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "वीतभर कमी पडला असता," ते म्हणाले. "पैल्याच गाळपात ट्रॉली उलटली असती, मॅडम."

आम्ही सरांकडे गेलो. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "रिपोर्ट मागे घ्यायचा म्हणजे कारण द्यावं लागेल," ते म्हणाले. "चूक कोणाची म्हणून लिहायचं?"

"माजी," भाऊ म्हणाले. "खड्डा मी घेतला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. भाऊंच्या वहीतली माझी पेन्सिलीची खूण त्या खोलीत फक्त मलाच आठवत होती. पत्र मीच टाइप केलं. "नमुना चुकीच्या जागेवरून घेतला गेला. जबाबदारी प्रयोगशाळा सहायकाची." भाऊंनी खाली सही केली, तीही उभ्यानेच.

निविदा थांबली, रस्ता जाड झाला. खात्याकडून कळवण्यात आलं की यापुढे या माणसाने नमुने घेऊ नयेत. भाऊंना निवृत्त व्हायला तेव्हा सात महिने राहिले होते. ते सात महिने त्यांनी आत बसून काढले. नमुने आणायला नवा मुलगा ठेवला. त्याची गाडी बाहेर निघाली की भाऊ दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी रोज बघायची. एकदाही तोंड उघडलं नाही मी, आणि त्याची मला लाज वाटते.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. जाताना जुन्या वह्या मागून घेतल्या आणि एका रविवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, मी वांबोरीच्या अलीकडं उभा हाय. सात वर्सांमागं हितं खड्डा घेतलेला. म्हाताऱ्याला इचारलं, आधी हितं काय हुतं. काय न्हवतं म्हनला. माती खरी हाय."

"भाऊ, हे कशाला करताय?"

"एक खळं सापडलं. बाकीचं कोनी सांगायचं? मी तवा कुनालाच इचारलं न्हवतं."

तेव्हापासून दर रविवारी ते मोटारसायकल काढून निघतात. एकतीस वर्षांचे खड्डे. जुना माणूस गाठायचा, विचारायचं, मला कळवायचं. माती खरी हाय. माती खरी हाय. रविवारी फोन येईपर्यंत मी आता घरातल्या घरात फेऱ्या मारते. माझी मुलगी मनवा मला त्यावरून चिडवते.

गेल्या रविवारी फोन आला तो नेहमीपेक्षा उशिरा.

"काय झालं?"

"हितं इटभट्टी हुती, मॅडम. भाजून कडक झालेली माती भरली मी साच्यात."

कोणता रस्ता ते सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा, माझ्याच गणिताचा. मी विचारलं, रस्ता कसा आहे.

"दिसाया चांगला हाय. शाळेची बस रोज हितनंच जाती. पर चाकाच्या वाटंवर दबाया लागलाय. आताच वरनं थर दिला तर वाचंल." मग म्हणाले, "पत्र लिवायचं तर माजंच नाव घाला. मी आता घरीच हाय, मला कोन काय करनार?"

सोमवारी मी ती फाइल काढली. वहीच्या पानाची प्रत आत होती. भाऊंचं अक्षर, "माती लालसर, राखेचे कण." शेजारी पेन्सिलीची खूण, बरोबरची.

पत्र मी टाइप केलं. जबाबदारी या शब्दापुढे माझं पूर्ण नाव घातलं आणि खाली लिहिलं की नोंद वाचूनही मी प्रश्न विचारला नाही, आणि गेल्या वर्षी त्या वस्तीच्या रस्त्याच्या वेळीही विचारला नव्हता. सरांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

मला बसवेना.