मेट्रनबाईंचा नऊचा फोन

मेट्रनबाई म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांतलं खडूस प्रकरण. उभा जन्म हॉस्पिटलचा वॉर्ड धाकात ठेवलेला. निवृत्त झाल्या तरी जरब तीच. त्यांच्या दोन खोल्यांत मी सेन्सर बसवत होतो, तेव्हा शिडीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, भिंतीला डाग पडला तर तूच रंगवायची." सेन्सरचं काम सोपं. सकाळी नऊपर्यंत घरात हालचाल दिसली नाही, की परगावच्या मुलाच्या मोबाइलवर इशारा जातो.

महिनाभरात मुलाची तक्रार आली. रोज इशारा येतो, रोज घाबरून फोन करावा लागतो आणि आई ठणठणीत असते. मी जाऊन सेल बदलले, सेन्सर उतरवून पुन्हा लावले. दोष काही सापडेना. बाई खुर्चीत बसून माझी धडपड बघत होत्या. शेवटी त्यांनाच दया आली.

"काही बिघडलेलं नाही, मिस्त्री. सहाला जाग येते मला. नऊपर्यंत पलंगावरून उठत नाही, इतकंच."

"चहासुद्धा नाही?"

"उठले तर त्याचा फोन कसा येईल?" मग म्हणाल्या, "वॉर्डातही उगाच घंटा वाजवणारे पेशंट असायचे. आम्हाला कळायचं. तरी जायचो. तू त्याला सांग, दुरुस्त होत नाही म्हणून."

पण माझ्या हातून काम अडलं असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही. मी मुलाला खरं ते सांगून टाकलं. तो ओशाळला, रोज फोन करीन म्हणाला, आणि त्याच दमात नऊची वेळ बारा करून घेतली. बाईंना मधुमेहाची गोळी चालू होती. बारापर्यंत उपाशी राहणं त्यांना शक्य नव्हतं. हे ठाऊक असूनही मी वेळ बदलली.

वर्षाने तपासणीला गेलो. बाईंनी दम दिला नाही, शिडीजवळही आल्या नाहीत.

"फोन येतो ना?" मी विचारलं.

"आला की आठवडाभर. आता पडावंच लागेल बहुतेक," म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

जिना उतरता उतरता मीच मुलाला फोन लावला. "आई पडली का?" त्याचा पहिला प्रश्न.

"नाही, बऱ्या आहेत."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, माझे आभार मानले आणि फोन ठेवला. बऱ्या नाहीत, असं सांगायला माझं काय जात होतं? पुन्हा फोन लावून तेवढं म्हणायला हवं होतं. मी नाही लावला.