यांना शेंगदाणे चालत नाहीत
आर्णीच्या बाजारात शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला चीनमधली ती दुपार आठवते. लेक तिथे डॉक्टरकी शिकत होती आणि आम्ही दोघं तिला भेटायला गेलो होतो. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी यांचा श्वास कोंडतो. एकदा यवतमाळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला होता. म्हणून निघण्याआधी महिनाभर लेकीने फोनवरून माझ्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं, ‘था बू नंग छ्र हुआशंग’, म्हणजे यांना शेंगदाणे चालत नाहीत. त्या दुपारी तिची परीक्षा होती, म्हणून आम्ही दोघंच कोपऱ्यावरच्या छोट्या खानावळीत गेलो. मालकीणबाई वाफाळत्या शेवयांवर दाण्याचं कूट भुरभुरायला लागली तशी मी उठले, पण घोकलेल्या वाक्याचा पहिला शब्दच आठवेना. "घाबरू नको, तुले येते," हे म्हणाले. मी वाक्य म्हटलं, तिला कळलं नाही. मग सावकाश, लेकीसारखा सूर चढवत पुन्हा म्हटलं. "हुआशंग?" तिने कुटाकडे बोट दाखवलं. मी यांच्याकडे बोट करून स्वतःचा गळा धरला. तिने लगेच तो वाडगा बाजूला सारला, हात धुतले आणि दुसऱ्या भांड्यात नव्याने शेवया शिजवल्या. हे जेवू लागले आणि मी त्यांच्या श्वासाकडेच बघत बसले. "मस्त हाये. तू बी खाय आता," ते म्हणाले, तेव्हा कुठे मी पहिला घास घेतला. बाकीचे चिनी शब्द मी कधीच विसरले, पण हे वाक्य आजही भाजीला फोडणी देताना आपसूक ओठांवर येतं, आणि बाहेरच्या खोलीतून यांचं हसणं ऐकू येतं.