आंब्याच्या बागेतले दोन उलटे फोटो

ती घटना आजही आठवली की घास गोड लागत नाही. रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदाराचा खून झाला होता. बागेतल्या पॅकिंग शेडमध्ये, कोयत्याचा घाव. आमच्या पोलीस ठाण्यात खबर द्यायला त्यांचा मुलगाच आला. संशय त्याने बागेच्या नेपाळी रखवालदारावर घेतला आणि पुरावाही सोबत आणला.

चोर आणि वानरांसाठी शेडच्या दारावर कॅमेरा होता. कोणी हललं की फोटो निघून घरच्या कॉम्प्युटरवर जमा होई. फोटोवर वेळ उमटत नसे, फाइलच्या नावात नुसता क्रमांक. त्या क्रमांकाने पाहिलं तर मुलगा आधी येऊन गेलेला, रखवालदार शेवटचा. आम्ही रखवालदाराला अटक केली.

चौकशीत तो एकच सांगे, "साब, मी चहा दिला तेव्हा मोठे मालक जिवंत होते. छोटे मालक नंतर आले." असं सगळेच आरोपी म्हणतात. पण खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी नवं जोडतो. याने शब्द वाढवला नाही. ते मला खटकलं आणि मी घरचा कॉम्प्युटर पंचनामा करून जप्त केला.

त्यात हंगामभराचे फोटो, निम्मी वानरंच. सायबर सेलच्या हवालदार बाईंनी पर्ल नावाच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. फाइली नावाने लावायच्या नाहीत, प्रत्येक फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला त्या वेळेने लावायच्या.

"साहेब, फाइलचं नाव बदललं तरी ही वेळ तीच राहते," त्या म्हणाल्या. "नाव बदललं म्हणून माणसाची जन्मवेळ बदलते होय?"

सगळे क्रमांक ओळीने आले. फक्त त्या संध्याकाळचे दोन उलटे होते; त्यांच्या नावांची कोणीतरी अदलाबदल केली होती. रखवालदार आधी, मुलगा नंतर.

मुलाला बोलावून ते फोटो त्याच क्रमाने टेबलावर मांडले. त्याने स्वतःचा फोटो बाजूला सारला. मग म्हणाला, "बाग विकूया म्हणून किती सांगितलं हो. ऐकलंच नाही बाबांनी."

रखवालदार सुटला. पुरावा आयता चालत आला तर आधी आणणाऱ्याकडे बघावं, हे मी तेव्हा शिकलो. दुसरी गोष्ट शिकलो ती त्यांच्या घराच्या ओटीवर. मुलाच्या अटकेची खबर द्यायला मी स्वतः गेलो होतो.

"गुरख्याला सोडलंत ना? बरं केलंत," मुलाची आई म्हणाली. "तो नव्हेच, मला ठाऊक होतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"नवरा गेलाच होता हो," ती म्हणाली. "घरात एवढाच उरला होता."