आईनं घट्ट केलेला रोल

मिडियम फॉरमॅट कॅमेरा म्हणजे काय हे चार महिन्यांपूर्वी मला पण माहीत नव्हतं. बेळगावजवळ मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात माझी नोकरी, कास्टिंगचे पार्ट मोजून पास का फेल सांगायचं काम, आणि राहायला अनगोळात एक खोली. खोलीच्या खालच्या घरात एक अण्णा राहतात. त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. एकदा पाण्याची मोटार लावा म्हणून सांगायला गेले तर कपाटावर एक काळा डबा दिसला, पुढं दोन भिंगं, एकावर एक. म्हटलं अण्णा, हे काय? अण्णांनी खाली काढला, बनियननं पुसला, वरचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "वाक. आत बघ."

आत बघितलं आणि मी संपलेच. चौकोनी काचेवर त्यांची अख्खी खोली, खुर्ची, कॅलेंडर, दारातलं मांजर, सगळं हलतंय, जिवंत, फक्त उजवीकडचं डावीकडं. मी डबा उजवीकडं फिरवला तर मांजर भलतीकडंच पळालं. अण्णा हसले. "शिकणार काय?" मी व्हय म्हणायच्या आधीच त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला.

पुढचे काही आठवडे मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. ऑफिसात, बसमध्ये, फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर, जिथं मला कुणी ओळखत पण नव्हतं. बारा फोटो! एका रोलमध्ये फक्त बारा! फिल्म मोबाईलच्या कव्हराएवढी रुंद, तिच्या पाठीला काळा कागद, आणि कागद-फिल्म दोन्ही मिळून एका चक्रीवर गुंडाळत जातात. बारा झाले की रोल बाहेर काढायचा, टोकाची डिंकाची पट्टी ओली करून चिकटवायची आणि डबीत ठेवायचा. "सैल सोडू नको," अण्णांनी बजावलं, "सैल झाला की कडंनं उजेड घुसतोय." मी मान हलवली. मान हलवायला मी लई हुशार.

पहिला रोल कुणाचा काढायचा हे ठरवावंच लागलं नाही.

माझ्या गावी, निपाणीत, आमच्या शेजारी एक मावशी राहते. सख्खी नाही. आई आणि ती पंचवीस वर्षं एकाच भिंतीला पाठ टेकून विड्या वळत बसल्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मला नोकरी लागल्यावर आईनं काम सोडलं, मावशीनं नाही. मिसरी लावून लावून मावशीचे दात काळे पडलेत, त्यामुळं फोटो म्हटलं की तिचा पदर तोंडावर. आमच्याकडच्या सगळ्या लग्नांचे, बारशांचे फोटो काढून बघा, मावशी आहे, पण नाकापासून वर. तिचं पूर्ण तोंड असलेला एक पण फोटो नाही. आणि आता तिच्या गालाच्या आत गाठ निघालेली. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा जबडा काढावा लागेल. मंगळवारी ऑपरेशन, सोमवारी सकाळी भरती.

रविवारी मी घरी पोचले तर ती आमच्या उंबऱ्यातच बसलेली.

"तुझ्या त्या डब्यात माझं तोंड मावतंय का गं?"

"मावतंय की."

"मग काढ. हाय तवर काढून ठिव. नंतर आरशात कोण बसलेलं असंल कुणाला ठावं."

"काय बी बोलू नगंस," आई आतून ओरडली. "जबडा गेला तर जाऊ दे, वटवट तरी कमी हुईल."

"माझी वटवट गेली तर तुला झोप यील व्हय गं?" मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग आई चुलीकडं वळली आणि बराच वेळ तिकडंच तोंड करून उभी राहिली.

परसात उन्हं उतरली होती. मावशीला भिंतीपाशी स्टुलावर बसवलं. मोबाईल मी मुद्दाम आत ठेवला. आज खरा फोटो, असल्या तोऱ्यात होते मी. कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली, काचेत मावशी आली. पदर तोंडावर.

"मावशी, पदर."

"थांब की."

मी खालीच बघत राहिले, फोकस फिरवत. जरा वेळानं ती म्हणाली, "तू माझ्याकडं बघतच न्हाईस की गं. मग लाजायचं कुणाला?" आणि पदर खाली आला.

मी तिला जन्मापासून बघतेय आणि तिचा वरचा ओठ मी कधी नीट बघितलाच नव्हता. डाव्या बाजूला जरासा वर उचललेला, सारखी काहीतरी चेष्टा करणार असल्यासारखा. गाल सुजलेला, पण तरी. बाराच्या बारा तिचेच काढले. सरळ, आडवे, आईकडं बघून शिवी देताना, दात दिसतील असं हसताना. शेवटचा झाल्यावर ती म्हणाली, "झालं? बास. आता काय बी काढून घेऊ देत त्यास्नी."

मी आत पळाले. कॅमेरा उघडला, रोल काढला, पट्टीला जीभ लावली, पट्टी नीट चिकटली नाही आणि रोल हातातच सैल झाला. म्हटलं बघू नंतर. टीव्हीच्या टेबलावर रोल उभा केला, मोबाईलनं त्याचा फोटो काढला आणि नेटवर्कसाठी गच्चीवर गेले. ग्रुपवर टाईप करत सुटले. पहिला रोल झाला! मावशी अशी, ओठ असा, उजेड तसा! लोकांचे अंगठे यायला लागले तसं मी अजूनच लिहीत गेले. वीस मिनिटं तरी.

खाली आले तर आई टेबलापाशी बसलेली. समोर माझा रोल. बारीक, घट्ट, दोन्ही कडा सरळ, मधोमध गुलाबी दोरा, विडीला बांधतात तसाच.

"लई सैल गुंडाळला हुतास गं," आई म्हणाली. "कागद सुटत हुता. घट्ट करून ठेवलाय बघ."

"उघडलास?"

"मग? उघडल्याबिगर घट्ट कसा हुईल?"

"किती उघडलास?"

"पार शेवटापतोर. आत चिकटपट्टी हाय तितं. मधल्या पट्टीला सुरकुत्या पडल्यात्या, त्या बी काढल्या." तिनं रोल उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "दोन वर्सं झाली हात लावून. पर बोटं काय इसरली न्हाईत."

ट्यूबलाईट चालू होती. दार सताड उघडं.

उजेड लागून सगळे फोटो गेले, हे मला तेव्हाच कळलं होतं. मग मी स्वतःला वाट्टेल ते सांगितलं, की कागद जाड असतो, की एखादा तरी वाचला असेल. अण्णांना फोन लावला असता तर एका मिनिटात समजलं असतं, म्हणूनच लावला नाही. ग्रुपवर विचारायचं तर आत्ताच एवढं मिरवलेलं. पण खरं कारण आईचा चेहरा. ती इतकी खूश होती ना त्या रोलवर. तिला कसं सांगायचं की तुझ्या बोटांनी मावशीचं तोंड पुसलं?

"काय गं? वाईट झालाय?"

"न्हाय," म्हटलं. "छान झालाय."

सोमवारी सकाळच्या बसला मावशी, तिचा मुलगा आणि मी. मला पण ड्युटीवर जायचंच होतं. मावशी खिडकीपाशी, मी शेजारी, मुलगा मागच्या सीटवर फाईल धरून. गर्दी होती, कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" करत, कानडीत पुढं सरका म्हणत, लोकांना आत ढकलत होता. संकेश्वर सोडल्यावर ऊन तिच्या तोंडावर आलं. तिला खायला बरं पडत नव्हतं, म्हणून ती बिस्किट पाण्यात भिजवून हळूहळू चघळत होती आणि त्यासाठी पदर खाली होता. मी पर्समधून मोबाईल काढला. कॅमेरा उघडला.

"आता कशाला?" पदर वर गेला. "काल काढल्यास की बारा."

"असाच एक."

"नगं. खाताना नगं. कालचं चांगलं आलं असतील."

इथं बोलायचं होतं. मावशी, कालचे गेले, एक काढू दे. एवढंच. मुलगा मागं ऐकत होता, तो घरी जाऊन माझ्या आईला सांगेल, आई काय करून घेईल, असं डोक्यात फिरत राहिलं. मोबाईल पर्समध्ये ठेवला. बेळगाव यायला अजून तासभर होता. तो अख्खा तास ती माझ्या शेजारी बसून होती.

रोल बेंगळूरच्या लॅबला कुरिअर केला, आईच्या दोऱ्यासकट. दोरा सोडायचं धाडस झालं नाही. दहाएक दिवसांनी लॅबवाल्यानं निगेटिव्हचा फोटो पाठवला. निगेटिव्हवर जिथं जास्त उजेड पडतो तिथं काळं होतं. ही पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. खाली लिहिलेलं, रोल उजेडात उघडला गेलाय, काही मिळालं नाही. मी ते मशीनपाशी उभी राहून वाचलं आणि पुढचे चार पार्ट न मोजताच पास केले. मग परत काढून मोजले.

मावशी घरी आली त्या शनिवारी मी निपाणीला गेले. डावी बाजू आत गेलेली, टाके, नाकातून नळी. बोलता येत नव्हतं. मला बघितल्याबरोबर तिनं दोन्ही हात पोटाशी धरले, मान खाली घातली, आणि मग भुवया उडवल्या. फोटो?

"मावशी, फोटो आले न्हाईत. रोल खराब झाला. माझ्याच हातनं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग एक बोट वर केलं. एक पण नाही?

"एक बी न्हाय."

ती रडली बिडली नाही. आपल्या डाव्या गालावर हात ठेवून बसून राहिली. जरा वेळानं डोळे मिटले, आणि आई म्हणाली, चल, तिला पडू दे.

बोळात आल्यावर आई थांबली.

"रोल कशानं खराब झाला?"

"झाला असाच."

"म्या उघडला म्हणून?"

खोटं तयार होतं तोंडात. पण ती ज्या नजरेनं बघत होती, नाही जमलं. "व्हय."

आईनं आपल्या हाताकडं वगैरे बघितलं नाही. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. ती माझ्याकडंच बघत राहिली.

"तुला कवा कळलं?"

"तवाच."

"तवाच? आईतवारी? ती घरात हुती की आईतवारी. दार वाजवून एक फोटू काढाय काय झालतं? फोन न्हवता तुझ्याकडं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की! रात्रभर वाटलं असतं, सकाळी उठून भाकरी केली असती. मला वाईट वाटू ने म्हणून तू तिचं तोंड घालवलंस व्हय गं? मी काय काचंची हाय?"

आई मागं फिरली.

"कुठं चाललीस?"

"सांगाय. तुझ्या एकटीच्या नावावर कशाला ठिवू?"

ती आत गेली. मी बाहेर चपलांपाशी उभी राहिले. आतून फक्त आईचाच आवाज येत होता, मधे मधे थांबत होता, मावशी बोलत असती तर थांबला असता तसा. मग परत आईचा. बऱ्याच वेळानं ती दारात आली. डोळे लाल.

"जा आत."

"काय म्हणाली?"

"ती कुठं बोलतीया," आई म्हणाली. "तू जा. आणि बसबद्दल बी सांग तिला. तू फोन काढून परत ठिवलास ते तिच्या लेकानं मला सांगितलंय."

मी चपला काढल्या.