बांबूच्या कमच्यांचा पट्टा

त्या वर्षी दिवाळीनंतर आई कापसाच्या भरल्या बैलबंडीवरून घसरली आणि पाठीवर पडली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मणक्याला मार आहे. दोन महिने वाकायचं नाही. पट्टा लागेल, तो मुंबईहून यायला महिना जाईल."

सोबत मी होते आणि माझी धाकटी मावशी. ती वर्ध्याजवळ नालवाडीत राहायची, मशीनवर पोलकी शिवायची. डॉक्टरांच्या कपाटात कुण्या मडमेचा कंबर आवळायचा जुना कॉर्सेट पडला होता. आईला तो अर्धाही पुरला नसता. मावशीनं तो मागून घेतला, उलटा केला आणि शिवणी चिमटीत धरून पाहिल्या.

"याच्यात काय घातलं हाये?"

"पोलादाच्या पट्ट्या. फार पूर्वी देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या घालत. त्या वाकतात, पण मोडत नाहीत."

"आपल्या धाम नदीत देवमासा कुठचा आनाव? बांबू चालन का?"

डॉक्टर हसले. "पाठ ताठ राहिली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मावशीनं बुरडाकडून ओल्या बांबूच्या कमच्या आणल्या. जाड्या खादीचे दोन पदर जोडून तिनं उभ्या शिवणी मारल्या. दोन शिवणींच्या मधल्या जागेत एकेक कमची सरकवायचं काम माझं. मोच्यानं बुटाला ठोकतात तशा पितळी कड्या ठोकून दिल्या. त्यातून नाडी ओवली, की पट्टा तयार.

आईला बांधला तेव्हा ती खांबासारखी उभी राहिली. "मले तं दमच घेता येऊन नाई राह्यला वो!"

संध्याकाळपर्यंत दोन कमच्या खादी फाडून बाहेर आल्या आणि आईच्या काखेत टोचल्या. मावशीनं सगळा पट्टा उसवला. कमच्यांची टोकं दगडावर घासून गोल केली, कमच्या चुलीवर शेकून आईच्या कमरेच्या बाकाप्रमाणे वळवल्या, आणि मग टोकांना चिंध्या गुंडाळल्या. मागची नाडी पुढे घेतली, म्हणजे आईला स्वतःच बांधता यावी. या खेपेला आई चहा पीत पीत अंगणात फेऱ्या मारू लागली. तिची पोलिसासारखी ताठ चाल पाहून शेजारणी म्हणायच्या, "जमादारीन चालली!" आईला हसू यायचं, पण हसलं की पट्टा करकचायचा.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आईची पाठ दाबून पाहिली. दुखत नव्हती. त्यांनी पट्टा बराच वेळ हातात धरून न्याहाळला, आणि आठवड्याभरात एक पेशंट मावशीकडे पाठवला. एक ढेरपोटे पोस्टमास्तर. बाईमाणसानं माप घेणं त्यांना अवघड वाटलं, म्हणून मावशीनं सुतळी देऊन त्यांना स्वतःच माप घ्यायला आतल्या खोलीत पाठवलं. शिवलेला पट्टा चार बोटं अपुरा पडला.

"पोट आत घेऊन माप देल्लं का मास्तर?" मावशीनं विचारलं.

मास्तर लाजले. मग पोट सैल सोडून म्हणाले, "घ्या आता खरं माप."