सतरा चुका

मशीनच्या तेलाचा वास आला की नरोलीच्या सूत कारखान्यातली ती जेवणाची सुट्टी आठवते. मी तिथे माल तपासायचे. आवडती मालिका संपल्यावर कुणा मुलीने तिचा पुढचा भाग स्वतः लिहून नेटवर टाकला होता. तो वाचून मी सवयीने खाली सतरा चुका क्रमवार लिहिल्या. शेजारची मैत्रीण हसली, "अवो ताई, गोष्ट आहे ती, सुताचा बॉबिन नाही!" तेवढ्यात मुलीचं उत्तर आलं, "सुधारते ताई. पण गोष्ट आवडली का?" वाचताना मी दोनदा रडले होते, तेच लिहायचं राहिलं होतं. भोंगा झाला, फोन कपाटात ठेवावा लागला. संध्याकाळपर्यंत हात कामावर आणि डोळे घड्याळावर. सुटल्यावर पाहिलं, तर तिने गोष्टच काढून टाकली होती. अजूनही मी तिचं नाव शोधत असते. एकच ओळ लिहायची आहे.